खालच्या सर्वांना लागू

माझ्या सख्ख्या भावाला मी आमच्या वडिलांच्या आठवणीतून काढून टाकलं. रविवारी सकाळी, चहा पिता पिता, एका बोटानं. कुणाला माझा राग यायचा असेल तर आत्ताच येऊ दे, कारण पुढं मी कुठंही डोळे पुसत बसणार नाही. सांगायचं ते सरळ सांगणार.

मी सुजाता आवटी. मिरजेत तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मग निवृत्त झाले. लग्न केलं नाही, कारण विचारू नका. घरात मला सुजाता कुणीच म्हणत नाही. धाकटा भाऊ बसवराज, म्हणजे बसू, बोलायला लागला तेव्हा मला अक्का म्हणाला. मग आई म्हणायला लागली, मग अण्णा, शेवटी अख्खी गल्ली. आमच्याकडं असंच असतं. धाकटा येतो आणि थोरलीचं नाव बदलून टाकतो, आणि थोरलीला कुणी विचारत नाही.

अण्णा म्हणजे आमचे वडील, महादेव आवटी. ‘आवटी फोटो’ त्यांनी चाळीस वर्षं चालवला. अर्ध्या मिरजेची लग्नं त्यांच्या कपाटात आहेत. ते म्हणायचे, लग्नाच्या फोटोवाल्याला कॅमेरा नंतर, आधी कोण कुणाचं कोण ते कळलं पाहिजे. नवरीची मामी अल्बममधून सुटली तर तीन वर्षं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून संगणक आल्यावर त्यांनी ‘चौकट’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळे फोटो घातले आणि प्रत्येक चेहऱ्याला शब्द लावले. कीवर्ड म्हणतात त्याला. अण्णांचे कीवर्ड वंशावळीसारखे खाली उतरत जायचे. वर नवरी, नवरीच्या खाली तिची आई, आईच्या खाली मामी. ज्याच्यामुळं माणूस ओळखीचा झाला त्याच्या पोटात त्या माणसाचं नाव, हा त्यांचा कायदा. घरच्या जुन्या निगेटिव्हसुद्धा त्यांनी तशाच चढवल्या. पाकिटावर पूर्वी जे नाव लिहिलं होतं तेच कीवर्ड म्हणून लावलं.

मग त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी गल्लीतली माणसं आठवणीतून गेली, मग नातलग. आई गेल्यावर तर घसरणच सुरू झाली. आईचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. ती आयसीयूत होती तेव्हा मी बसूला बंगळुरूला फोन केला. “तू आहेस ना तिथं,” तो म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी उगवला. तोवर आईला नेऊन झालं होतं. अण्णांनी त्याला मिठी मारली आणि मला म्हणाले, अक्का, बसूला चहा टाक, दमून आलाय. मी चहा टाकला. तो घोट माझ्या घशाखाली अजून उतरलेला नाही.

दिवाळीत डॉक्टरांनी अण्णांना टेकू दिला. आता टेकू घरोघरी दिसतो, पण तेव्हा तो नवा होता, म्हणून नीट सांगते. टेकू म्हणजे चष्म्याची एक काडी. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा, आणि कानामागच्या हाडाला टेकणारं एक बटण, त्यातून आवाज येतो. बोलताना काडीवर बारीक हिरवा दिवा लागतो. डॉ. वैजयंती खोत यांनी मला कागदावर आकृती काढून समजावलं. मेंदूत चेहऱ्याची जागा वेगळी, नावाची वेगळी. या आजारात दोन्ही जागा बराच काळ शाबूत राहतात, मोडते ती मधली वाट. समोर माणूस आला की मेंदू त्या वाटेनं निघतो आणि अडखळतो. ते अडखळणं कानशिलाजवळच्या लहरींत टेकूला दिसतं. तिथून अर्ध्या सेकंदाच्या आत नाव कानात पडलं तर ते बाहेरून आलंय हे मेंदूला कळतच नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच आठवलं. असं पुन्हा पुन्हा झालं की मोडक्या वाटेला लागून नवी वाट पडते. पण मोडकी का होईना, जुनी वाट असावी लागते. ती पुरती बुजली असेल तर तेच नाव परक्यानं कानात ओरडल्यासारखं वाटतं आणि मेंदू ते झिडकारतो.

नावं टेकू स्वतः ठरवत नाही, घरच्या फोटोंच्या कीवर्डमधून घेतो. म्हणून अण्णांची ‘चौकट’ त्याला जोडली. प्रत्येक कीवर्डपुढं एक चौकोन आला, ‘बाहेर पाठवा’. चौकोनात खूण असेल तर नाव कानात जाणार, नसेल तर नाही. आईच्या चौकोनातली खूण डॉक्टरांनीच काढायला लावली, नाहीतर अण्णा तिला घरभर शोधत बसले असते. बाकी कुणाचंही नाव बंद करताना दहादा विचार करा, असं त्यांनी बजावलं. ज्या नावांना हाक मिळते ती फोफावतात आणि ज्यांना मिळत नाही त्यांची जागा खातात. आजारानं वर्षात जाईल ते तीन महिन्यांत जातं. हे सगळं मी नीट ऐकलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

टेकूनं कमाल केली. अण्णा दूधवाल्याला नावानं हाक मारायला लागले. त्यांच्या देखभालीला मुमताजभाभी यायच्या, त्यांचं नाव मीच कीवर्डच्या झाडात सगळ्यात वर घातलं होतं. तर अण्णा त्यांच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा करायला लागले. माझ्या बाबतीत टेकूला क्वचितच बोलावं लागायचं. मी दिवसभर समोर, मला काय विसरणार?

पण भिंतीवर बसूचा पदवीचा फोटो होता. अण्णांची नजर तिकडं गेली की दिवा लागायचा आणि अण्णा विचारायचे, “बसू आला का?” मी आंघोळ घालतेय, बसू आला का. मी भाकरी कुस्करून भरवतेय, बसू आला का. एक दिवस त्यांची उलटी मी ओंजळीत झेलली. तोंड पुसल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, बसूला कळवलंस का. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय आहे.

संक्रांतीच्या आठवड्यात बसूचा फोन आला. एप्रिलमध्ये येतो म्हणाला, अण्णांना बंगळुरूला घेऊन जाणार. तिकडं दवाखाने चांगले, इमारतीला लिफ्ट, कावेरी घरूनच काम करते. कावेरी त्याची बायको. आईच्या दुखवट्यात माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ‘आमच्याकडं असं नसतं’ म्हणाली होती ती. आणि शेवटी बसू म्हणाला, “अक्का, तुझीही सुटका होईल.”

सुटका. मी काय तुरुंगात होते? अण्णा गेले तर माझ्याकडं उरणार काय, चार खोल्या आणि मिरजेचा नकाशा. पण भांडून उपयोग नव्हता, कारण निकाल आमच्या हातात नव्हता. टेकू लावलेल्या माणसाला हलवायचं तर ओळख-जबाब लागतो. घरचे एकेक करून त्याच्यासमोर जातात आणि डॉक्टर विचारतात, हे कोण. ज्याला तो नात्यानिशी ओळखेल त्याचा शब्द चालतो. दोघांना ओळखलं तर त्यालाच विचारतात, कुणाकडं राहणार. आणि अण्णा काय उत्तर देणार ते मला पाठ होतं.

तर तो रविवार. ‘चौकट’ उघडली, झाडात ‘बसू’ शोधला आणि चौकोनातली खूण काढली. प्रोग्रॅमनं विचारलं, ‘खालच्या सर्वांना लागू करायचं?’ खालच्या म्हणजे कोण, कावेरी आणि तिची दोन पोरं. म्हटलं, तीही जाऊ देत, कशाला हवीत. ‘हो’वर बोट ठेवलं. नावाच्या शेजारी एक छोटा त्रिकोण होता. तो दाबला असता तर खालची नावं उलगडून दिसली असती. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, नकाशा वाचायच्या आधी सूची वाचा. त्या दिवशी मला तेवढा धीर नव्हता. चहा संपवला आणि कप धुऊन पालथा घातला.

फेब्रुवारी संपेस्तोवर ‘बसू आला का’ बंद झालं. अण्णा त्या फोटोकडं बघायचे आणि नजर पुढं सरकायची. घरात कसली शांतता होती म्हणून सांगू. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

त्याच भिंतीवर दुसरा एक फोटो आहे. अण्णांच्या स्टुडिओत पडद्यावर रंगवलेलं तळं होतं, त्याच्यासमोर झालरीचा फ्रॉक घालून उभी असलेली मी, साडेतीन वर्षांची. एका दुपारी अण्णांची नजर तिथं थांबली, हिरवा दिवा लागला आणि ते म्हणाले, “सुजाता आली का?”

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. बापाच्या तोंडून माझं नाव ऐकून पन्नास वर्षं झाली होती. बसू गेला तसं माझं नाव वर आलं होतं. बरंच झालं, बघा, असं मी मनात म्हटलं, पोराच्या नावाच्या ढिगाऱ्याखाली मी दबलेली होते ती मोकळी झाले. पिठाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्यासमोर गेले. म्हटलं, इथंच आहे मी, अण्णा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तू नव्हे गं. सुजाता. माझी पोरगी.”

आजार म्हणून सोडून दिलं. पण ते रोजचं झालं. सुजाता आली का, सुजातानं दूध घेतलं का, सुजाताला पायऱ्यांवर खेळू देऊ नका. हळूहळू मला ‘अक्का’ म्हणणं थांबलं. मग ‘अगं’ थांबलं. मार्चमध्ये एका सकाळी मी चहा दिला तर म्हणाले, ठेवा तिथं. ठेवा. माझ्या बापानं मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आणि मुमताजभाभींना मात्र नाव घेऊन हाका चाललेल्या. माझं पित्त खवळायचं. मी भाभींशी नीट बोलेनाशी झाले. त्या बिचाऱ्या एकदा म्हणाल्या, अक्का, अण्णा तुमच्याकडं बघतात तेव्हा दिवा लागत नाही, जरा दाखवून आणा. मी म्हटलं, भाभी, तुम्ही तुमचं काम बघा. त्यांनी परत विषय काढला नाही.

एप्रिलात बसू आला. गाडीतून उतरला, अंगणात अण्णांच्या पायाला हात लावला आणि अण्णांनी पाय मागं घेतले. परक्यानं हात लावला की माणूस घेतो तसे. बसू माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं.

जबाब दवाखान्यात झाला. आधी बसू. आम्ही काचेच्या पलीकडून बघत होतो, आवाज ऐकू येत होता. हे कोण, डॉ. खोत यांनी विचारलं. अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, ऑर्डर द्यायला आले असतील, पण स्टुडिओ आता बंद असतो म्हणावं. बसूनं त्यांचा हात धरायला हात पुढं केला आणि मग स्वतःच्याच खिशात घातला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. आईला नेलं त्या दिवसापासून मी त्या चेहऱ्याची वाट बघत होते.

मग मी आत गेले.

“या बाई आमच्या घरी असतात,” अण्णा म्हणाले. “भाकरी चांगली करतात. पण फार कमी बोलतात.”

डॉक्टरांनी नाव विचारलं. त्यांनी कधी सांगितलं नाही, असं अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं किती? अण्णा खुलले. एकच, म्हणाले, सुजाता, यंदा बालवाडीत घातलीय. आणि बंगळुरूला जाणार का, डॉक्टरांनी विचारलं.

“कसं जाऊ?” अण्णा म्हणाले. “शाळा सुटल्यावर पोरगी घरी येईल. दाराला कुलूप दिसलं तर घाबरेल ती.”

मुमताजभाभींचा नंबर शेवटचा. त्यांना अण्णांनी नावानिशी ओळखलं आणि गुडघ्याला शेक दिला का ते विचारलं. पण भाभी घरच्या नव्हेत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, निकटची व्यक्ती कुणी नाही, रुग्णाची इच्छा राहत्या घरी राहण्याची. म्हणजे मी जिंकले होते. बसू घरी जेवायलासुद्धा थांबला नाही. गाडीचं दार लावताना म्हणाला, निदान तुला तरी ओळखायला हवं होतं त्यांनी. त्याच्या आवाजात टोमणा शोधला, तो सापडला नाही, म्हणून मला आणखी राग आला.

घरी आल्यावर भाभींनी अण्णांना झोपवलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “अक्का, रागवा हवं तर. माझ्याकडं बघताना दिवा लागतो, दूधवाल्याकडं बघताना लागतो, तुमच्याकडं बघताना लागत नाही. संक्रांतीनंतर एकदाही नाही.”

‘संक्रांत’ शब्द ऐकला आणि मी संगणकापाशी गेले. दुपारचे चार वाजले होते. ‘चौकट’ उघडली, ‘बसू’ शोधला आणि या वेळी तो छोटा त्रिकोण दाबला.

खाली चार नावं उलगडली. कावेरी. दोन पोरं. आणि सगळ्यात वर, अक्का.

कोण कुणाचं कोण. अण्णांचा कायदा. ज्याच्यामुळं माणूस ओळखीचा झाला त्याच्या पोटात त्याचं नाव. बसू नव्हता तेव्हा अक्का कुठली? बसू आला म्हणून मी अक्का झाले, म्हणून मी बसूच्या खाली. बावन्न वर्षांचे माझे सगळे फोटो, शाळेतले, सहलीचे, आईच्या उशाशी बसले असतानाचे, सगळे ‘अक्का’मध्ये आणि ‘अक्का’ ‘बसू’मध्ये. त्याला पुसताना मी मलाच पुसलं होतं, आणि तेही आधी स्वतःला, कारण माझं नाव पहिलं होतं. खूण काढल्यावर पहिल्यांदा अण्णा माझ्यापाशी अडखळले असतील, तेव्हा त्यांना हाक हवी होती, आणि टेकू गप्प बसला.

‘सुजाता’ मात्र वेगळी होती. झाडात एकदम वर, कुणाच्याही खाली नाही. एकसष्ट फोटो, शेवटचा बसू बोलायला लागायच्या आधीच्या महिन्यातला. तिचा चौकोन शाबूत. शेजारी प्रोग्रॅमचा एक प्रश्न बारा वर्षं तसाच पडून होता. लहान मुलाच्या चेहऱ्याचा मोठ्याशी मेळ तो आपणहून घालत नाही, माणसाला विचारतो. ‘सुजाता आणि अक्का ही एकच व्यक्ती आहे का?’ अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं.

मी सगळ्या खुणा परत लावल्या. बसूची, कावेरीची, पोरांची, माझी. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. मग बसूला फोन लावला आणि काय केलं ते सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. त्यानं विचारलं, किती दिवस बंद होतं? सत्त्याण्णव, मी म्हटलं. आता काय करायचं ते मला कळत नव्हतं, तेही सांगितलं.

“मला काय विचारतेस?” तो म्हणाला. “तू आहेस ना तिथं.” आणि फोन ठेवला.

अण्णा उठून खुर्चीत बसले होते. मी चेहरा धुतला, केस नीट केले, का ते माहीत नाही, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. सत्त्याण्णव दिवसांनी माझ्यासाठी हिरवा दिवा लागला. टेकू नाव सांगतोय हे मला दिसत होतं. सुजाता, तुमची मुलगी.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी काडी कानावरून काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्यापुढं धरली.

“हे बिघडलंय,” ते म्हणाले. “तुम्हाला सुजाता म्हणतंय.”

मी काडी हातात घेतली. डॉक्टरांना दाखवते म्हटलं. त्यांनी समोरच्या खुर्चीकडं बोट केलं. बाई, उभ्या का, बसा, म्हणाले, शाळा सुटली असेल, येईल ती एवढ्यात. मी बसले. आम्ही दोघं दाराकडं बघत बसलो.